अर्धे रोलर, अर्ध्या फळ्या

जगात जे जे लोखंडाचं आहे ते आपल्याला बनवता येतं, आणि जे लोखंडाचं नाही ते बनवण्याच्या लायकीचंच नाही, असं शकीलचं स्वच्छ मत होतं. जव्हारच्या बाजारपेठेच्या टोकाला त्याचं वेल्डिंगचं दुकान. अर्ध्या गावाच्या खिडक्यांना त्याचे गज, उरलेल्या अर्ध्या गावाच्या दारांना त्याच्या जाळ्या! ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या तर त्याने इतक्या बनवल्या होत्या की झोपेत कूस बदलली तरी एखादी तयार होईल, असं तो स्वतःच सांगायचा. त्यामुळे माघ्या दुकानात येऊन "शकीलभाय, बोटीला गाडी बनवशील का?" असं म्हणाला, तेव्हा शकीलने काळा चष्मासुद्धा वर केला नाही.

"बोट म्हणजे काय? पाण्यावरची ट्रॉली! आणि ट्रॉली म्हणजे काय? शकील!"

खरं म्हणजे बोट त्याने आयुष्यात एकदाच पाहिली होती. डहाणूला, तीही लांबून, आणि तेव्हाही त्याचं निम्मं लक्ष गरम जिलेबीकडे होतं. पण हे त्याने माघ्याला सांगितलं नाही. गिऱ्हाइकाला नको ते सांगायची त्याला सवय नव्हती.

माघ्याचा पाडा खोडाळ्याच्या खालच्या अंगाला, धरणाच्या पाण्याकाठी. तो तिथल्या मच्छीमार सोसायटीचा चेअरमन. चेअरमन असला तरी इतकी वर्षं ट्रकच्या फुगवलेल्या ट्यूबवर बसूनच मासे धरायचा, कारण सगळी सोसायटीच ट्यूबवर बसायची. यंदा सोसायटीला निळी फायबरची बोट मिळाली. लॉरीवाल्याने ती जव्हारला शकीलच्या दुकानासमोर उतरवली, पुढचा रस्ता विचारला, ऐकला आणि लॉरी वळवली. शिवाय धरणाच्या पाण्याचा काही भरवसा नाही. पावसाळ्यात ते पाड्याच्या उंबऱ्याला लागतं आणि उन्हाळ्यात कुठच्या कुठे खाली पळतं. बोट त्याच्यामागे ओढत न्यायची तर चाकं हवीतच.

आणि चाकं लवकर हवी होती. माघ्याच्या मुलीचं, हर्षदाचं लग्न सोमवारवर आलं होतं. नवरा मुलगा तुषार समोरच्या काठावरचा. समोरच्या काठावरचा म्हणजे इतका समोरचा, की त्यांच्याकडे सुकट भाजली की इकडे माघ्याच्या घरात जेवायला बसावंसं वाटे. पण रस्त्याने जायचं तर डोंगराला वळसा घालून अख्खा दिवस. धरण झाल्यापासून पाड्यातली प्रत्येक नवरी तो वळसा चालतच सासरी गेली होती. हर्षदाने मात्र घरात जाहीर केलं होतं, "मी पान्यावरनं जानार. आनि ट्यूबवर बसून नाय जानार!"

"आनि सरूआजीनं सांगलाय," माघ्या पडेल आवाजात म्हणाला. सरूआजी म्हणजे पाड्यातली धवलेरी, गाणी म्हणून लग्न लावणारी. तिच्या शब्दापुढे जायची कुणाची छाती नव्हती. "उन्हां कलायच्या आत नवरी पलीकडं पोचली पायजे. नायतर लगीन पुढल्या साली."

"माघ्या, हर्षदा मला माझ्या पोरीसारखी, कशफसारखी," शकीलने छातीवर हात ठेवला. "सोमवारी ती बोटीतून जाईल. शकीलची जबान आहे!"

एवढ्यावर शकील थांबला असता तर ही गोष्ट इथेच संपली असती. पण जबान दिली की चार माणसांना ऐकवल्याशिवाय त्याला चैन पडत नसे. संध्याकाळी जेवताना त्याने बेत सांगितला. लोखंडाची चौकट, जीपची जुनी चाकं, आणि बोट ठेवायला आडवे रोलर. पाण्याच्या पाइपावर जुन्या टायरचं रबर गुंडाळायचं, की झाला रोलर. बोटीला एक बोट लावलं की ती सुळकन पाण्यात!

ताटावर त्याचा मेहुणा बसला होता, अतहर. बायकोचा, नूरुन्निसाचा धाकटा भाऊ. तो सुतार. जे लाकडाचं नाही त्याबद्दल त्याचं मत शकीलच्या मताला अगदी तंतोतंत उलट होतं.

"दुल्हाभाई," अतहर शांतपणे म्हणाला, "सुळकन पाण्यात जाईल ती सुळकन रस्त्यावरही जाईल. रस्त्यात चढ आहेत. बोट लांब सागाच्या फळ्यांवर बसवायची. वर गालिचा ठोकायचा. मग ती अशी बसते, जशी आपा माहेरी येऊन बसते!"

"आणि उठत नाही!" शकील ओरडला. "फळीवरची बोट उतरवायला कमरेएवढं पाणी लागतं. मे महिन्यात तुझा बाप आणून देणार आहे का पाणी?"

"बापावर जाऊ नका, दुल्हाभाई. तो तुमचा सासराही आहे."

त्या रात्री भात दोघांनीही परत वाढून घेतला नाही. दुसऱ्या दिवशी अतहरने सरळ सागाच्या दोन फळ्या रंधा मारून आणून दुकानात उभ्या केल्या. शकीलने त्या बाहेर ठेवल्या. अतहरने त्या आत आणल्या. बाजारपेठेत दोन पक्ष पडले. चहावाला रोलरचा, शिंपी फळ्यांचा. बोटीत बसलेला माणूस दोन्ही पक्षांत एकही नव्हता, म्हणून वाद फार जोरात चालला. शनिवार उजाडला तरी चौकट रिकामीच!

शेवटी नूरुन्निसा दुकानात आली. या बाईची एक रीत होती. घरातलं प्रत्येक भांडण ती मधोमध कापायची. मुलींनी एका ओढणीवरून झोंबाझोंबी केली तर ओढणीचे दोन तुकडे! तिने एकदा चौकटीकडे पाहिलं, एकदा नवऱ्याकडे, एकदा भावाकडे.

"डावी बाजू तुमची. उजवी बाजू अतहरची. डावीकडे रोलर, उजवीकडे फळी. आणि त्या पोरीची वरात वेळेत पोचली नाही, तर दोघांपैकी कुणीही माझ्याशी बोलायचं नाही!"

"अगं पण, बोट एकच आहे..." शकील म्हणाला.

"नवरा पण एकच आहे. निभवतेय ना?"

रविवारी ट्रॉली तयार झाली. असं वाहन याआधी कुणी बनवलं नव्हतं, हे अख्ख्या पेठेने एकमताने मान्य केलं. बोट वर चढवली आणि जरा हलवून पाहिली. डावी बाजू करंगळीने सरकली. उजवी बाजू चार माणसांनी ढकलूनही सरकेना. बोटीने हळूच तोंड फिरवलं आणि ती मशिदीकडे बघत उभी राहिली.

"बघितलंत?" दोघंही एकदमच म्हणाले, आणि दोघांनाही आपलंच खरं ठरल्याचा आनंद झाला. मग बोट सरळ करून दोरांनी करकचून बांधली.

सोमवारी सकाळी काळ्याची जीप ट्रॉलीला जोडली. काळ्या जव्हार-खोडाळा मार्गावर रोज जीप चालवायचा. शकील आणि अतहर पुढे बसले, मध्ये गिअरचा दांडा आणि दोघांचा अबोला. मागे काळ्याचे नेहमीचे प्रवासी कोंबलेले. ते का, असं शकीलने विचारलं तेव्हा काळ्यालाच नवल वाटलं. "शेठ, गाडी खोडाल्याला जातेय ना? मग मानसा नको न्यायला?"

काळ्याच्या उजव्या पायाला वीस वर्षांची सवय होती. रस्त्याकडेला हात वर दिसला की पाय आपोआप ब्रेकवर. गावाबाहेर पहिला हात वर झाला. जीप थांबली. डोक्यावर तेलाचा डबा घेतलेली सोमी नावाची म्हातारी. मोहाच्या बियांचं तेल घेऊन ती खोडाळ्याच्या बाजाराला निघालेली. तिने जीपच्या आत पाहिलं. आत जागा नव्हती. मग तिने मागे पाहिलं.

"ही मागली गाडी पन खोडाल्याला जातं का?"

"म्हातारे, ती बोट आहे!" शकील म्हणाला.

"खोडाल्याला जातं का, तां सांग ना!"

जात होती, हे नाकारता येईना. सोमी डब्यासकट बोटीत चढून बसली. पुढच्या वळणावर दोन बाया आणि एक कोंबडा. मग तांदळाचं पोतं आणि त्याचा मालक. मग शाळेचे दोन मास्तर, ते आधी वर्तमानपत्राने बसायची जागा पुसून मगच बसले. मोखाडा अजून लांब होतं आणि बोट भरली! मागून आलेल्या एसटीच्या ड्रायव्हरने हॉर्न वाजवला, पुढे निघाला, आणि इतका वेळ वळून बघत राहिला की त्याची एसटी रस्ता सोडता सोडता राहिली.

शकीलला वाईट वाटलं म्हणावं तर तसं नाही. "रोलर माणसांचं वजनही सहन करतात," तो काळ्याला ऐकवत होता. म्हणजे अतहरला.

तेवढ्यात मोठा चढ लागला. जीप कण्हत वर निघाली आणि मागून एकदम "आयो!" असा सामुदायिक आवाज आला. बोटीची डावी बाजू दोराला ताण देऊन हातभर मागे सरकली होती. उजवी बाजू जागच्या जागी. बोट तिरकी होऊन नाक जंगलाकडे काढून बसली, आणि मास्तर एकमेकांच्या मांडीवर.

अतहरने खिशातून रुमाल काढून तोंडावर धरला आणि त्याचे खांदे हलायला लागले. शकीलला ते हसू मोखाडा येईपर्यंत कानशिलात टोचत राहिलं.

मोखाड्याला चहासाठी गाडी थांबली. सगळे उतरले. शकील म्हणाला, "मी जरा नट बघून येतो." अतहर म्हणाला, "या की. मी नंतर दोर बघतो."

शकीलने इकडेतिकडे पाहिलं आणि ट्रॉलीखाली शिरला. मनातून तो हादरलाच होता. अजून पुढे चढ होते. बोट रस्त्यात सुटली तर हर्षदाचं लग्न गेलं, आपली जबान गेली, आणि अतहर मरेपर्यंत प्रत्येक ईदला हा किस्सा सांगणार! त्याने एक रिकामं पोतं घेतलं, फाडलं आणि रोलरांच्या फटींत ठासलं. वर दगडाने लाकडाच्या पाचरी ठोकल्या. आता रोलर बापजन्मात फिरणार नव्हते. पाण्याशी पोचलो की गुपचूप काढून टाकू, कुणाला कळणार! असा हिशोब करून तो गुडघे झटकत चहाकडे आला. मग अतहर दोर बघायला गेला. बराच वेळ बघून, रुमालाला हात पुसत परत आला. दोर बघताना हात कशाला भरतात हे शकीलच्या डोक्यात आलं नाही. स्वतःचंच पाप लपवण्यात तो गुंतला होता.

पुढे एका फाट्यावर हवालदाराने शिट्टी मारली.

"हे काय आहे?"

"बोट आहे, साहेब."

"ते मला दिसतंय! रस्त्यावर काय करतेय?"

"पाण्याकडे चाललीय, साहेब," शकील नम्रपणे म्हणाला.

"आणि हे आत बसलेत ते?"

काळ्या खाली उतरून हात जोडत म्हणाला, "साहेब, ते पन पान्याकडंच चाललेत."

हवालदाराने बोटीला एक फेरी घातली. बोटीत प्रवासी बसवू नयेत असं कुठल्याच कायद्यात नव्हतं. बोट रस्त्याने नेऊ नये असंही त्याला कुठे आठवेना. घाम पुसत त्याने विचारलं, "एवढी घाई कशाची?"

"लगीन हाय साहेब. पल्याडच्या पाड्यावर," काळ्या म्हणाला.

"जेवण?"

"कोंबडा," बोटीतून सोमीने माहिती दिली. तिला लग्नाबद्दल आत्ताच कळलं होतं, पण लग्न म्हटलं की कोंबडा असणारच.

हवालदार बोटीत चढला. मास्तरांनी त्याला वर्तमानपत्राचं एक पान दिलं.

खोडाळ्याला कुणी उतरलंच नाही! बाजार समोर भरलेला, पण लग्नाची बातमी अख्ख्या बोटीत पोचली होती. सोमी म्हणाली, "तेल काय, उद्याला पन इकल!" मास्तर म्हणाले, आम्हीही नवरीला शिकवलं असणार, कोणत्या तरी इयत्तेत. सगळी बोट तशीच पाड्यावर दाखल झाली.

पाड्यावर सगळे उन्हाकडे बघत बसले होते. सूर्य डोक्यावर. माघ्या पांढरंशुभ्र धोतर नेसून अनवाणी फेऱ्या मारत होता. हळदीने पिवळी झालेली हर्षदा नव्या लुगड्यात बसलेली, आणि सरूआजी कपाळाला हात लावून सावल्या मोजत असल्यासारखी उभी. बोट दिसताच तारपेवाल्याने फुंकर मारली आणि सगळा पाडा ट्रॉलीमागे पळत सुटला.

पाणी फार खाली गेलं होतं. मध्ये गुडघाभर काळा चिखल. काळ्याने जीप उलटी घेत घेत ट्रॉलीची शेपटी पाण्याला लावली. हर्षदा चिखलाकडे बघून म्हणाली, "मी वरच बसतं." ती बोटीत चढली. तिच्यामागे सरूआजी. बाकीच्यांना माघ्याने हातापाया पडून खाली उतरवलं. हवालदार मात्र उतरेना. "बूट सरकारी आहेत," तो म्हणाला.

शकीलला आता पोतं आणि पाचरी काढायच्या होत्या. पण डाव्या बाजूला कसं जाणार? तिथे तारपेवाला, बाया, पोरं, मास्तर, सगळे रोलर बघायला जमलेले! "हा रोलर! शकीलभायचा!" असं माघ्या अभिमानाने सगळ्यांना दाखवत होता. त्यांच्यासमोर त्यातून पोतं कसं उपसायचं?

त्याने झटपट विचार केला. माझे रोलर फिरणार नाहीत, पण अतहरची फळी तरी कुठे हलणारेय! बोट जागची हलली नाही की सगळे फळीला शिव्या घालतील. मग गर्दी तिकडे वळेल, तेवढ्यात आपण पाचरी काढू, आणि आपल्या रोलरांच्या जोरावर बोट पाण्यात! बेत इतका सुंदर होता की त्याने स्वतःलाच दाद दिली. समोर उजव्या बाजूला अतहर उभा होता. तोही हसत होता.

"चल रं, दोर सोड!" माघ्या ओरडला.

काळ्याने दोर सोडला. शकीलने खोटाखोटा धक्का दिला.

आणि अतहरची फळी, चार माणसांना न जुमानणारी, गालिचा ठोकलेली सागाची फळी, बोटीखालून अशी काही सटकली की बघणाऱ्यांचे डोळे फाटले! उजवी बाजू सुर्रकन मागे. डावी बाजू ठाम. बोट जागच्या जागी गरकन फिरली. तिच्या शेपटाने शकीलला उचलून चिखलात पालथं पाडलं. मग ताण बसून पाचरी उडाल्या, पोतं फाटत बाहेर आलं, सगळे रोलर एकदम मोकळे झाले, आणि बोटीचं नाक दुसऱ्या बाजूने फिरून अतहरला आडवं करून गेलं. धप्पकन बोट पाण्यात! नवरी, धवलेरी आणि हवालदार यांना घेऊन ती भोवऱ्यासारखी फिरत फिरत थेट खोल पाण्यात निघाली.

मग सोमी ट्रॉलीजवळ गेली, फळीवर बोट फिरवलं आणि वास घेतला.

"मेल्यांनो! ह्यां तं माझा त्याल!"

तिने डबा हलवून पाहिला. त्यात आता फक्त आवाज शिल्लक होता. चिखलातून मान वर काढून शकीलने अतहरकडे पाहिलं. अतहर रोलरला लोंबणाऱ्या पोत्याकडे बघत होता. बोलण्यासारखं दोघांच्याही तोंडात काही नव्हतं, होता तो चिखल होता.

"माझी पोर!" माघ्या किंचाळला, आणि तेव्हा सगळ्यांच्या लक्षात आलं की ज्याने बोट वल्हवायची तोच काठावर उरलाय!

हवालदाराला पोहता येत नव्हतं. हे त्याने दोन्ही काठांना ऐकू जाईल अशा आवाजात जाहीर केलं. सरूआजी डोळे मिटून बसली होती. शकील चिखलातच उठून बसला. काय करून ठेवलं हे आपण! पोरीला सासरी पोचवायचं म्हणून जबान दिली आणि तिला भोवऱ्यात सोडलं. त्या क्षणी त्याला रोलर नको होते, फळी नको होती, जव्हारचं दुकानही नको होतं. "या अल्ला, पोरीला पलीकडे पोचव!" एवढंच तो म्हणत होता, आणि शेजारी चिखलात अतहरही तेच पुटपुटत होता.

बोटीत हर्षदा उभी राहिली. तिने लुगड्याचा काष्टा घट्ट केला, तळाशी बांधलेलं वल्हं सोडलं आणि पाण्यात घातलं. आयुष्य बापाच्या ट्यूबवर गेलेलं. दोन फटक्यांत बोट फिरायची थांबली. नाक मात्र अजून इकडेच होतं. ते वळवण्यात ती वेळ घालवेना. शेपूट पुढे करूनच तिने बोट पलीकडे हाकली. काठावर एकच ओरडा झाला. मास्तर टाळ्या वाजवत म्हणाले, "आमचीच विद्यार्थिनी!"

माघ्याला आता उभं राहवेना. पोरीचं लग्न आणि बाप अलीकडे! त्याने झाडाला टांगलेली जुनी ट्यूब ओढली, पांढऱ्याशुभ्र धोतरासकट तिच्यात बसला आणि दोन्ही हातांनी पाणी मारत निघाला.

सगळं सुरळीत होणार होतं. पण पलीकडच्या काठावर नवऱ्याकडचे लोक मांडवातून बघत होते. त्यांनी काय पाहिलं? एक बोट. तीही उलटी येणारी. तिच्यात वल्हं घेतलेली नवरी, आणि नवरीमागे खाकी कपड्यातला हवालदार! मांडवामागे मोहाच्या दारूचे हंडे रांगेने ठेवलेले. लग्नाच्या तयारीत कसर नको म्हणून जरा जास्तच ठेवलेले.

"पोलीस घेऊन आली! पोलीस घेऊन आली!"

डोळ्यांची पापणी लवते न लवते तोच मांडव रिकामा झाला. एकेका हंड्याला दोघंदोघं लागले आणि वऱ्हाड जंगलात! नवऱ्याचा मामा, काका, स्वयंपाकी, सगळे झाडीत गडप. बोटीतून हवालदार हात हलवत ओरडायला लागला, "पळू नका! अरे, पळू नका!" पोलिसाने पळू नका म्हटल्यावर जे मागे राहिले होते तेही पळाले.

मांडवात एकटा तुषार उरला. हळद लागलेल्या नवऱ्याने मांडव सोडायचा नसतो, म्हणून तो बिचारा बाशिंग सावरत उभा होता. शकील इकडून बघत होता आणि ऊन कलायला आलं होतं. नवरी पोचली तरी लग्न कुणासमोर लागणार?

बोट काठाला लागली. हर्षदाने जंगलाकडे तोंड करून, वल्हं आपटून अशी हाक दिली की अलीकडेही प्रत्येक शब्द ऐकू आला. "बाहेर या रे! तो जेवाया आलाय!"

कुणी बाहेर येईना. मग हवालदाराने काय केलं, तर टोपी काढून डोळ्यांवर धरली आणि ओरडला, "मला काही दिसत नाही! माझं लक्ष फक्त कोंबड्याकडे आहे!"

आधी एक हंडा बाहेर आला. मग त्यामागून मामा. मग सगळं वऱ्हाड. मागोमाग ट्यूबवरून नखशिखांत भिजलेला माघ्या काठाला लागला. आणि ऊन कलायच्या जरा आधी पाण्यावरून सरूआजीच्या गाण्याचा आवाज आला. म्हातारीचा आवाज बारीक, पण इकडे सगळा पाडा उभा राहून ऐकत होता. शकीलला रडू आलं. ते त्याने लपवलंही नाही. चेहऱ्यावर चिखल असल्यामुळे लपवायची गरजही नव्हती. अतहरने खिशातला रुमाल काढून त्याला दिला. रुमालाला मोहाच्या तेलाचा सणसणीत वास येत होता. शकीलने त्यानेच तोंड पुसलं.

जेवण मात्र पलीकडे होतं आणि बोटही पलीकडे. माघ्या बोट घेऊन न्यायला येईपर्यंत सगळे भुकेने काठावर बसून राहिले. न्यायला आला तोवर मामाने पहिली पंगत उरकली होती. शकील आणि अतहर मात्र पलीकडे गेलेच नाहीत. एक तर अंगावर चिखल, आणि दुसरं म्हणजे पलीकडे सोमी जेवायला गेली होती.

परतीच्या वाटेवर मागे रिकामी ट्रॉली खडखडत होती.

"दुल्हाभाई," शेवटी अतहर म्हणाला, "मी ते पोतं बघितलेलं नाही."

"कसलं पोतं?" शकील म्हणाला. "आणि मला तरी कुठे तेलाचा वास आलाय?"

"सोमीचा डबा आपण दोघं मिळून भरून देऊ."

"दोघं मिळून."

आणि तेवढ्यावर दोघं मेहुणे खांद्याला खांदा लावून झोपी गेले. काळ्या नंतर सगळ्यांना सांगायचा, घोरतानासुद्धा त्यांचं पटत होतं.

घरी नूरुन्निसा दारातच उभी होती. दोघांचे अवतार तिने वरपासून खालपर्यंत बघितले. मग एकच विचारलं, "वरात?"

"पोचली," शकील म्हणाला. "वेळेत."

नूरुन्निसाचा जीव भांड्यात पडला. मग तिने कमरेवर हात ठेवले. "आता सांगा, कुणामुळे पोचली? रोलर का फळी?"

"फळीमुळे," शकील म्हणाला. "अशी सुटली म्हणतेस! तुझ्या भावाच्या हाताला तोड नाही."

"छे, आपा!" अतहर म्हणाला. "रोलर नसते तर बोट रस्त्यातच पडली असती. दुल्हाभाईंची अक्कल मोठी."

वीस वर्षांच्या संसारात नूरुन्निसाने असलं वाक्य यांच्यापैकी कुणाच्याही तोंडून ऐकलं नव्हतं. ती एक पाऊल मागे सरली. मग पुढे होऊन तिने आधी नवऱ्याच्या कपाळाला हात लावला, नंतर भावाच्या, आणि आत वळून घाबऱ्या आवाजात ओरडली, "कशफ! पळ, डॉक्टरांना बोलाव! दोघांनाही ऊन लागलंय!"